गालावरची शिवण

त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी झोपगुरुजींना झोप लागली. लागली ती कुठे, तर गाद्यांच्या दुकानाच्या शोकेसमध्ये, काचेला लागून मांडलेल्या पलंगावर, भर रस्त्याच्या देखत. एका नवराबायकोला ते स्प्रिंगची नवी गादी समजावून देत होते. "हात लावून गादी कळत नाही हो, पाठ टेकावी लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य बोलून झालं आणि प्रात्यक्षिक म्हणून ते स्वतः आडवे झाले. बूट गादीबाहेर, टाय पोटावर, दोन्ही हात नेहमीसारखे कोटाच्या खिशात. "आता बघा, पाठीचा कणा कसा..." इथपर्यंत त्यांना आठवतं. उरलेलं वाक्य त्यांनी डोळे उघडत एक वाजून दहा मिनिटांनी पूर्ण केलं, "...सरळ राहतो." पण ऐकायला ती जोडी नव्हती. काचेपलीकडे तीस-चाळीस माणसं मात्र होती, आणि ती सगळी एखाद्या आजारी माणसाच्या खोलीबाहेर उभं राहावं तशी गप्प होती. पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. मागच्या रांगेत एकजण जांभई देत होता.

लाज आधी गालावर आली की आधी हातांत, हे गुरुजींना नंतरही ठरवता आलं नाही. उशीवर लाळेचा डाग होता, वाटीएवढा. गादीची किमतीची चिठ्ठी दोरीसकट छातीवर येऊन पडली होती, म्हणजे इतका वेळ किंमत त्यांचीच लागलेली. हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण झोपेत हात खिशातून बाहेर आले होते. गेली अकरा वर्षं जे हात त्यांनी कोटाचे खिसे, टेबलाची कड, घडी घातलेलं वर्तमानपत्र अशा कुठल्या ना कुठल्या आडोशाला ठेवले, तेच हात पांढऱ्याशुभ्र चादरीवर उजेडात पसरलेले. आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली पेरं, करंगळीकडे कललेली बोटं, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट तर असं वळलेलं की उत्तरेचा पत्ता सांगायला जावं आणि ऐकणाऱ्याने पश्चिमेला चालू लागावं. आमवात. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत फार सोपं करून सांगितलं होतं, "तुमच्या शरीराचा पहारेकरी बिघडलाय. घरच्याच माणसांना चोर समजून बडवतोय." तेव्हा गुरुजी हसले होते. पुढे कळलं, की हा पहारेकरी झोपत नाही, आणि त्याच्या काठीच्या आवाजाने घरमालकालाही झोपता येत नाही.

आता अकरा वर्षं माणूस झोपला नाही म्हटल्यावर कोणीही म्हणेल, काय बाता मारता! तर अगदीच नाही असं नाही. पाव तासाच्या चिंध्या, अर्ध्या तासाचे तुकडे मिळायचे. एक अख्खी गादी भरेल एवढ्या चिंध्या जमल्या असतील, पण सलग कापड म्हणाल तर हातभरसुद्धा नाही. आणि गंमत अशी की गावभर लोकांना झोपवण्याचा धंदा ह्याच माणसाचा. एकोणतीस वर्षं ते ह्या दुकानात होते. गिऱ्हाईक गादीच्या कडेवर नुसतं टेकलं की ते ओळखायचे: हा कुशीवर झोपणारा, ही उशीखाली हात घालणारी, ह्या दोघांचं आपसांत धड नाही, ह्यांना मध्ये न हलणारी गादी द्या. थोरले मालक हयात होते तेव्हा त्यांनीच हे 'झोपगुरुजी' नाव पाडलं. नाव चिकटलं आणि मग त्या नावाखाली खरा माणूस जागा आहे हे सांगायची सोय राहिली नाही. पोहायला शिकवणारा पाण्याला भितो हे त्याने कोणाला सांगावं?

त्या दिवशी ते धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये गेले ते राजीनाम्याचे शब्द तोंडात जुळवतच.

"चूक झाली, साहेब. ह्या वयात असं..."

"चूक?" धाकटे मालक खुर्चीतून उठलेच. "काका, ती जोडी गादी घेऊन गेली! दारातून परत आली, तुमच्याकडे बघितलं, आणि ती बाई म्हणते, ह्या माणसाला जिने झोपवलं तीच द्या, दुसरी दाखवू नका. त्यांच्या मागोमाग अजून चार गाद्या गेल्या. तुम्ही उद्या पुन्हा झोपा."

"पुन्हा?"

"अकरा ते साडेबारा. मी पाटी रंगवायला टाकलीय."

"साहेब, अशी ठरवून झोप लागते होय?"

"मग नाटक करा. इतकी वर्षं शिकवताय, जरा अभिनय जमणार नाही?"

आणि पाटी खरंच लागली, 'झोप अशी असते!' बुधवारी अकरा वाजता गुरुजी बूट काढून, हात पांघरुणाखाली कोंबून, शरमेने कान तापलेल्या अवस्थेत आडवे झाले. काचेपलीकडे लोक उभे होते. त्यांनी डोळे मिटले, तोंड जरासं उघडलं, श्वास लांबवला, झोपलेली माणसं करतात तसं एकदा मचमच केलं. घरी झोपेची वाट बघावी लागायची. इथे वाट बघायला सवड नव्हती. झोपल्याचं दाखवायचं होतं, आणि दाखवता दाखवता ती मागच्या दाराने येऊन त्यांच्याशेजारी कधी पडली हे त्यांना समजलंच नाही. साडेबाराला दुकानात उशांचा विभाग सांभाळणाऱ्या उशीवाल्या ताईंनी उठवलं. गुरुवारीही तेच. शुक्रवारीही. सांगणारे सांगतात की समोरच्या थांब्यावरचे बसचालक हॉर्न वाजवायचे बंद झाले, आणि पलीकडच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरने आपली खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली, कारण गुरुजींकडे बघता बघता पेशंट आपोआप जांभई देऊन आ करायचे. बसचं थोडं वाढवून सांगितलं असेल. पण खुर्ची फिरली होती, हे पुष्कळांनी पाहिलंय.

का लागावी तिथे? ह्याचा विचार गुरुजी उरलेल्या बावीस तासांत करत. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, तसंच झोप लागते. आपण करायची गोष्टच नाही ती, येऊन लागली तर लागली. मग ती अकरा वर्षं त्यांच्या घराचा पत्ता विसरून इथे काचेत का यावी? कदाचित इथे लपवायला काही उरलं नव्हतं म्हणून. जिथे चाळीस माणसं तोंडातली लाळ बघताहेत तिथे माणूस आणखी काय सांभाळणार? घरी मात्र सगळंच सांभाळायचं असायचं. सकाळी बायको चहाचा कप टेबलावर ठेवायची, त्याचा कान त्यांच्या डाव्या हाताकडे वळवून, कारण उजवी मूठ दहापर्यंत मिटत नसे, आणि विचारायची, "झोप लागली का?" ते म्हणायचे, "लागली." इतकंच. सहा वर्षांत त्या प्रश्नाला दुसरं उत्तर गेलं नव्हतं. एकदा डॉक्टरीणबाईंनी झोपेची वही भरायला सांगितली, किती वाजता पडलात, किती वाजता लागली; गुरुजींनी महिनाभर ती अशी भरली, की बाई म्हणाल्या, "वा! मग गोळी कमी करू या." गोळी कमी झाली. मूठ दुपारी बारापर्यंत मिटेनाशी झाली. पण वही खोटी होती हे सांगायचं तर आधी घरचं 'लागली' खोटं होतं हे सांगावं लागलं असतं.

आणि ते का सांगायचं नव्हतं, तर त्याच्या तळाशी एक पेला होता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा दोघं एकाच खोलीत झोपायची. बायको लोकांचे कपडे उसवून, आखडून, सैल करून द्यायची. दिवसभर मशीनवर वाकून तिची पाठ अशी मोडायची, की उशीला डोकं टेकलं की संपलं. तिचा श्वास मोठा नव्हता. घोरणं नव्हतं. नुसता एक संथ, पोटभर श्वास, भरलेल्या घागरीतून पाणी ओतावं तसा. गुरुजींच्या मनगटात, गुडघ्यात, जबड्यात पहारेकरी काठी आपटत असायचा आणि शेजारी हे चाललेलं. पहिली वर्षं त्यांना त्या श्वासाचा आधार वाटला. मग कंटाळा आला. मग एका पहाटे त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ह्या बाईच्या झोपेचा राग येतोय. राग म्हणणंही सभ्यपणा. ती मत्सराची जळजळ होती, उपाशी माणसाला ताटावरून ढेकर देत उठणाऱ्याची होते तशी. उशाशी स्टीलचा पेला होता. त्यांनी तो उचलला, त्यातलं पाणी पिऊन टाकलं, म्हणजे बघा, किती थंड डोक्याने, आणि हात लांब करून फरशीवर सोडून दिला.

ती धडपडत उठली. "अहो, काय झालं? दुखतंय का?" दिवा लावला. फडकं आणलं, गुडघ्यांवर बसून फरशी पुसली, पेला उचलून ठेवला. मग पाणी गरम करून आणलं, त्यांचे दोन्ही हात त्यात धरून बसली. आणि म्हणाली, "मला कळलंच नाही. माझा डोळा लागला होता." माफी मागितल्यासारखं. अगदी खालच्या आवाजात. आणि गुरुजींनी, ह्या गोष्टीतल्या आपल्या सज्जन माणसाने, ती माफी घेतली! "असू दे," म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिचं अंथरुण शिवणाच्या खोलीत हलवलं. "तुझी झोप मोडते माझ्यापायी," हे कारण सांगितलं. शेजारपाजाऱ्यांत कौतुक झालं, नवरा असावा तर असा. त्या कौतुकाचा एकेक शब्द अजून त्यांच्या सांध्यांत कुठेतरी बसलेला होता. त्या दिवसापासून 'लागली' म्हणणं ही त्यांनी स्वतःला लावलेली शिक्षा होती. निदान ह्यापुढे तिने आपल्यासाठी जागं राहायचं नाही.

आणि आता हे. तिच्याशेजारी न लागलेली झोप रस्त्यावरच्या लोकांशेजारी लागत होती. बाहेर दुसरं घर केलेल्या माणसासारखे ते संध्याकाळी जिना चढायचे. दारात पोचण्याआधी चेहरा तपासायचे, ताजातवाना तर दिसत नाही ना? पहिल्याच बुधवारी घोटाळा झालाच. बायको दार उघडून क्षणभर बघत राहिली. मग अंगठ्याने त्यांचा उजवा गाल चाचपला, वरून खाली, कापडाची कड बघावी तसा.

"हे काय उठलंय?"

"पित्त असेल."

"पित्त असं सरळ रेषेत उठतं?"

"माझं सगळंच शिस्तीत असतं," गुरुजी म्हणाले, आणि तोंड धुवायला गेले. आरशात पाहिलं तर गालावर दुकानातल्या उशीच्या खोळीची जाड शिवण उमटलेली, कानापासून हनुवटीपर्यंत, रेल्वेच्या रुळासारखी. ते गाल चोळत राहिले. बाहेर बायको मशीनवर जाऊन बसली. मशीनचा आवाज सुरू झाला.

दोन आठवडे असे गेले. गुरुजींचा रंग सुधारला. आठवड्याची मोठी गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळायचं तेही कमी झालं. जसजसं बरं वाटे तसतशी लाज वाढे. तिसऱ्या आठवड्यात एक नवल झालं. साडेबाराला जाग आली तेव्हा हातांना ऊब होती. शोकेसमध्ये थंड हवेचा झोत नेमका पलंगावर यायचा, हात कितीही पांघरुणाखाली कोंबले तरी झोपेत बाहेर यायचे आणि मग दुपारभर ठणकायचे. आज ते मऊ फ्लॅनेलच्या एका पिशवीत होते, लहान उशीच्या खोळीएवढ्या, दोन्ही हात मावतील अशा. काचेबाहेरच्या कोणाला हात दिसले नव्हते.

"ताई, हे तुम्ही घातलंत?"

"मी नाही," उशीवाल्या ताई उशा रचत म्हणाल्या. "आपल्याकडे असलं विकायलाच नाही. आणि बघा तरी कसं शिवलंय. उलटं! शिवणी सगळ्या बाहेर."

गुरुजींनी पिशवी हातात घेतली. शिवणी बाहेर होत्या. आतून कापड सपाट, कुठे दोरा नाही, गाठ नाही, पेरांना टोचेल असं काही नाही. असे उलटे मोजे, उलटे बनियन, उलटे हातमोजे जगात एकाच माणसाच्या कपाटात होते. त्यांचं दुखणं सुरू झालं तेव्हापासून बायको त्यांचं सगळं असंच शिवायची. लोकांना वाटायचं, म्हातारा कपडे उलटे घालतो. घरच्या उशीच्या खोळीलाही गालाच्या बाजूला शिवण नव्हती. म्हणजे अकरा वर्षांत घरच्या उशीची रेघ त्यांच्या गालावर कधी उमटणंच शक्य नव्हतं. पित्त! आणि ते कोणाला सांगितलं, तर जिचा जन्म शिवणीवर बोट फिरवण्यात गेला तिला!

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. ते उशीवर बसले होते हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

ताईंनी हातातली उशी खाली ठेवली. "सांगू नका म्हणाल्यात. पहिल्या गुरुवारपासून, गुरुजी. आधी चार दिवस बाहेरच उभ्या होत्या, गर्दीत. एकदा त्या दातांच्या डॉक्टरकडच्या कोणीतरी हसलं, तर त्याला अशा काही बोलल्या, की तो दात न दाखवताच गेला. मग मीच आत बोलावलं. रोज येतात. पडद्यामागच्या स्टुलावर बसतात आणि साडेबाराच्या आधी निघतात. मी म्हटलं, उठवू का? तर म्हणाल्या, नको, कळलं तर झोप उडेल त्यांची."

त्या संध्याकाळी गुरुजी पिशवी ताईंकडेच ठेवून घरी गेले. सकाळी चहा आला, कान डावीकडे. "झोप लागली का?" ती म्हणाली. इतकी वर्षं जो शब्द आपसूक बाहेर पडायचा तो आज निघेना. त्यांनी मान हलवली, ती होय की नाही हे कोणालाही कळलं नसतं.

अकरा वाजता ते काचेत आडवे झाले, आणि झोप लागली नाही. अर्थातच. नाटक करायचं होतं आणि आता ते खरं नाटक होतं. डोळे मिटून ते कानांनी बघत होते. बाहेर पावलं जमली. मग मागचा पडदा सरकला. तिच्या गुडघ्याचा कट्ट आवाज; तिचेही सांधे आता म्हातारे झालेत हे त्यांना ह्यापूर्वी ऐकू आलं नव्हतं. स्टूल सरकलं. तिच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास होता. तिने त्यांचे हात एकेक करून उचलले, आधी उजवा, कललेल्या बोटांना त्यांच्या वळणानेच धरून, आणि पिशवीत सरकवले. मागे ताईंचा आवाज आला, "आज गाढ आहेत का?" आणि ती अगदी हळू म्हणाली, "शू. डोळा लागलाय त्यांचा."

गुरुजींना वाटलं, गादी दुभंगावी आणि स्प्रिंगांनी आपल्याला आत घ्यावं. पुन्हा तेच. पुन्हा ते जागे, पुन्हा ती फसलेली, आणि ह्या वेळी तर चाळीस साक्षीदार. डोळे उघडावेत तर तिचं इतक्या दिवसांचं येणं उघडं पडणार. न उघडावेत तर आणखी एक 'लागली'. ते श्वास लांबवत पडून राहिले. पाच मिनिटं गेली असतील. मग शेजारून तो आवाज आला. संथ, पोटभर, भरलेल्या घागरीतून पाणी ओतावं तसा.

त्यांनी एक डोळा उघडला. बायको स्टुलावर बसल्या बसल्या, कपाळ गादीच्या कडेला टेकून झोपली होती. केस विस्कटलेले, तोंड किंचित उघडं, ब्लाउजच्या खांद्याला टोचलेल्या दोन सुया. सहा वर्षांत त्यांनी तिला झोपलेलं पाहिलं नव्हतं. ते त्या जुन्या जळजळीची वाट बघत राहिले. ती नक्की येणार होती. तिची आणि त्यांची इतकी जुनी ओळख. ती आली नाही. आला तो बाहेरचा गलका. काचेपलीकडे एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं होतं, दोघी हसत म्हणत होत्या, "आज जोडीने, जोडीने!" एका शाळकरी मुलीने काचेवर टकटक केलं. बायकोच्या पापण्या हलल्या.

तेव्हा झोपगुरुजींनी दोन्ही डोळे उघडले, उजवा हात फ्लॅनेलच्या पिशवीतून बाहेर काढला, आणि ते अकरा वर्षं कोणाला आपणहून न दाखवलेलं, पश्चिमेला वळलेलं बोट सगळ्या रस्त्यासमोर ओठांवर ठेवलं. नीट बसेना. नाकपुडीवरच टेकलं. पण लोकांना कळलं. गलका थांबला. मुलीने हात मागे घेतला आणि तिनेही आपलं बोट ओठांवर ठेवलं.

साडेबारा वाजून गेले. ताईंनी उठवलं नाही. पावणेएकला बायको आपोआप दचकून जागी झाली, आणि तिने पाहिलं, की ते तिच्याकडेच बघताहेत. तिच्या चेहऱ्यावर शरम पसरली, त्यांच्या रोजच्या शरमेची सख्खी बहीण.

"अहो," ती म्हणाली, "माझा डोळा लागला होता."

तेच शब्द, तोच खालचा आवाज. गुरुजींच्या जबड्यात कळ आली. "असू दे" हे दोन शब्द अगदी तयार होते, सहा वर्षं घासून गुळगुळीत झालेले. ते त्यांनी गिळले.

"अगं," ते म्हणाले, "त्या दिवशी तो पेला... पडला नव्हता. मी पाडला होता. तू झोपली होतीस ते मला बघवेना."

बायकोने खांद्यावरच्या सुया चाचपल्या, दोन्ही जागच्या जागी होत्या. मग त्यांचा उजवा हात उचलला आणि पुन्हा पिशवीत घातला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पुसायला बसले तेव्हा फरशी कोरडी होती."

गुरुजींनी तोंड फिरवायला जागा शोधली. एका बाजूला रस्ता होता आणि दुसऱ्या बाजूला ती. त्यांनी रस्त्याकडे पाठ केली. तिच्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, गादीच्या कडेची जाड शिवण उमटली होती, आणि ती तिला ठाऊक नव्हती.

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज सकाळी 'लागली' म्हणायचात," ती म्हणाली. "म्हटलं, एकजण तरी खोटं नीट निभावतोय, तर आपण कशाला उसवायचं?" आणि स्टूल जरा पुढे ओढून घेत, काचेकडे न बघता, म्हणाली, "झोपा आता. लोक थांबलेत."